रेडिएटरमध्ये ऑइल दिसलं तर



ट्रक चालवणारे ड्रायव्हर, ट्रकचे मालक आणि गॅरेजमधले मिस्त्री या तिघांशी आज मला बोलायचं आहे. सकाळी गाडी काढण्यापूर्वी रेडिएटरचं झाकण उघडावं आणि पाण्यावर काळा तवंग दिसावा, किंवा पाण्याच्या टाकीत चॉकलेटी रंगाचा, लोण्यासारखा घट्ट चिखल जमलेला असावा, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. अशा वेळी अड्ड्यावर निकाल लागायला उशीर लागत नाही. "हेड गेलं, इंजिन उघडा!" हेड उघडायचं म्हणजे गाडी कितीतरी दिवस उभी. भाडं बुडतं, बँकेचा हप्ता मात्र चालूच राहतो. आणि एवढं करून बिघाड हेडमध्ये नव्हताच, असंही निघतं. म्हणून मला आग्रहानं सांगायचं आहे, आधी तपासणी आणि मग पाना. आणि खराब भाग बदलल्यावर काम अर्धंच झालेलं असतं, हेही तितकंच महत्त्वाचं.

पाणी आणि ऑइल एकत्र येतात कसे, ते आधी पाहू. डिझेल इंजिनात दोघांचे रस्ते वेगळे असतात. ऑइल पंप चेंबरमधलं ऑइल उचलतो आणि कूलर, फिल्टर असं करत क्रँकच्या बेअरिंगपर्यंत आणि वर रॉकरपर्यंत पोचवतो. पाणी ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरून रेडिएटरमध्ये थंड होतं. काही ठिकाणी मात्र हे रस्ते अगदी शेजारून जातात. मध्ये असतो फक्त पातळ पत्रा किंवा गॅस्केट. सगळ्यात जवळीक असते ऑइल कूलरमध्ये, कारण ऑइलची उष्णता पाण्याला देणं हेच त्या कूलरचं काम.

उदाहरण म्हणून कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं बी सीरिज इंजिन घेऊ. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ मध्ये मिळून कंपनी स्थापन केली, तिच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून ही इंजिनं देशभरच्या ट्रकांमध्ये गेली. या इंजिनात ब्लॉकच्या बाजूला, फिल्टरच्या हेडमागे पत्र्यांच्या थरांचा कूलर बसवलेला असतो. थरांच्या आतून ऑइल जातं, बाहेरून पाणी. या इंजिनाला कारखान्यातून वेगळे लायनर येत नाहीत, सिलिंडर ब्लॉकमध्येच कोरलेले असतात. त्यामुळे "लायनरच्या रबरी रिंगा गळाल्या" हा तर्क इथे लागू होत नाही. वेट लायनरच्या इंजिनात तो तर्क तपासावा लागतो. म्हणून आपल्या गाडीत कोणतं इंजिन आहे आणि त्याची रचना कशी आहे, हे माहीत करून घेणं ही तपासणीची पहिली पायरी.

आता दाबाचा हिशेब समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इंजिन गरम असताना आणि पूर्ण वेगात असताना या इंजिनात ऑइलचा दाब निदान ३० पीएसआय हवा. इंजिन थंड असताना तो दुपटीच्या आसपास जातो. पाण्याच्या बाजूचा दाब रेडिएटरच्या झाकणावर ठरतो. तो साधारण ७ ते १५ पीएसआय असतो. म्हणजे इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, आणि पत्र्याला बारीक चीर पडली असेल तर ऑइल पाण्यात घुसतं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्यावर येतो. पाणी मात्र गरम असतं, त्याचा दाब काही वेळ टिकतो. तेव्हा त्याच चिरेतून पाणी ऑइलमध्ये उतरू शकतं.

यातून दोन गोष्टी निघतात. ऑइल गेजची पट्टी स्वच्छ दिसली म्हणून धोका नाही असं समजायचं नाही. आणि पाण्यात ऑइल दिसलं की चेंबरमध्येही पाणी गेलं असेल असं धरून चालायचं. ते ओळखायची एक सोपी रीत आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी स्टार्ट न करता चेंबरचा ड्रेन प्लग थोडासाच सैल करा. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसलेलं असतं, म्हणून आधी पाणी येतं आणि मागून ऑइल. पाणी मिसळलेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंगवरचा ऑइलचा थर तुटतो आणि बेअरिंग खराब होतात. कूलरच्या खर्चाचं काम मग क्रँकच्या खर्चावर जातं.

पुढचा प्रश्न, जे दिसलं ते खरोखर ऑइलच आहे का? रेडिएटरमधलं पाणी पारदर्शक बाटलीत घ्या आणि काही तास हलवू नका. ऑइल वर तरंगेल, गंज खाली बसेल. एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकून वाळू द्या. पाण्याचा डाग उडून जातो, तेलाचा पारदर्शक डाग राहतो. वास घ्या. डिझेलचा वास आला तर शोध इंजेक्टरच्या बाजूने सुरू करा. वेगवेगळ्या जातींचे कूलंट एकत्र ओतल्यानेही गाळ धरतो. आणि आपल्याकडे हमखास घडणारी गोष्ट म्हणजे ऑइलच्या रिकाम्या कॅनमधून रेडिएटरला पाणी भरणं. त्या कॅनमधलं उरलेलं ऑइल तवंग बनून वर येतं आणि निष्कारण इंजिनावर संशय जातो. ड्रायव्हरदादांनो, पाण्याचा कॅन वेगळा ठेवा आणि त्यावर ठळक खूण करा.

ऑइलच आहे हे ठरलं, की संशयितांचा क्रम लावायचा. पहिला ऑइल कूलर आणि त्याचे सील. मग हेड गॅस्केट. मग हेडची किंवा ब्लॉकची चीर. ज्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा पाण्याने थंड होणारा रिटार्डर असतो, त्यांत त्याचाही कूलर येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल इंजिन ऑइलसारखं काळं नसतं, बहुतेक वेळा लालसर असतं. म्हणून रंग आधी पाहून घ्या.

हेडवर संशय घ्यायचा तर सिलिंडरमधली हवा पाण्यात येते का ते बघा. इंजिन थंड असतानाच झाकण काढा, मग स्टार्ट करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, थंड इंजिन सुरू करताच वरचा होज पाइप पटकन कडक होत असेल, किंवा रेडिएटर पाणी बाहेर फेकत असेल, तर हेड गॅस्केटचा विचार करा. खात्रीसाठी बाजारात निळ्या द्रवाची चाचणी मिळते. रेडिएटरवरची हवा त्या द्रवातून ओढतात. जळलेला वायू असला की द्रवाचा निळा रंग बदलतो.

इथे एक फसगत होते. ट्रकच्या एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरचं हेडही अनेक इंजिनांत पाण्यावरच थंड होतं. त्याचं गॅस्केट गेलं की तोही पाण्यात बुडबुडे सोडतो. हवेची टाकी भरून कॉम्प्रेसर मोकळा फिरायला लागला, फुस्स असा आवाज झाला, आणि त्याबरोबर बुडबुडे थांबले, तर दोष कॉम्प्रेसरचा धरा. इंजिनाचं हेड उघडू नका.

बुडबुडे नाहीत आणि ऑइल मात्र येतंय, तर कूलरकडे वळा. इंजिन थंड आणि बंद ठेवा. ऑइल फिल्टर काढा आणि रेडिएटरला हातपंपाने झाकणावर लिहिलेला दाब द्या. पंधरा-वीस मिनिटं थांबा. काटा खाली आला आणि फिल्टरच्या हेडमधून पाणी ठिबकलं, तर चोर सापडला. ठिबकलं नाही तरी कूलरला लगेच सोडू नका. काही चिरा धातू तापल्यावरच उघडतात. कूलर काढा, एक तोंड बंद करा, इंजिनाच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच हवेचा दाब द्या आणि गरम पाण्यात बुडवून बघा. बुडबुडा आला की निकाल लागला. नुसतं डोळ्यांनी पाहून कूलर चांगला आहे असं ठरवू नये. बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही.

कूलर या परीक्षेत पास झाला, तरच हेड उतरवायचं. उतरवलंत तर काम पुरतं करा. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने सपाटी मोजा. चीर शोधायला पाण्याच्या दाबाची किंवा रंगद्रवाची चाचणी करा. गॅस्केटवर ऑइलच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंत काळी रेघ गेली आहे का ते पाहा. ऑइल आणि पाणी कुठे भेटले, हे ती रेघ दाखवते.

आता दुरुस्ती. नवा कूलर बसवताना त्याच्या तोंडावरची वाहतुकीची बुचं काढली आहेत याची खात्री करा. ती राहिली तर ऑइलचा रस्ता बंद होतो आणि इंजिन बसतं. दोन्ही बाजूंचे गॅस्केट आणि सील नवे घ्या. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा.

यानंतरच्या ज्या कामात सगळ्यात जास्त चुका होतात, ते म्हणजे सफाई. ऑइलचा थर पाण्याच्या वाटांवर बसला की उष्णता नीट उतरत नाही. घाटात गाडी तापते, आणि नवा कूलर घातलेला असूनही "काम बरोबर झालं नाही" असं वाटायला लागतं. शिवाय ऑइलमुळे होज पाइपचं रबर फुगतं, मऊ पडतं.

सफाई गळती बंद झाल्यावरच करायची, आधी नाही. सगळं पाणी काढा, ब्लॉकचा ड्रेनही उघडा. थर्मोस्टॅट काढून ठेवा. तो साधारण ८२ ते ८३ अंशांना उघडायला लागतो, त्याआधी रेडिएटरपर्यंत पाणी पोचतच नाही. मग ऑइल काढणारा, फेस न करणारा रेडिएटर क्लीनर गरम पाण्याबरोबर टाका. डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकंच इंजिन चालवा आणि पाणी काढून टाका. पाणी निर्मळ येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. एका फेरीत काम होत नाही. केबिनला हीटर असेल तर त्याची जाळी वेगळी धुवा. फेस होणारी धुण्याची पावडर टाकू नका, फेसातली हवा इंजिनात अडकते. पेट्रोल, डिझेल, रॉकेल कधीच टाकू नका. रबर जातं आणि आगीचा धोका असतो. अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला अॅसिड लावू नका. चिखल फार बसला असेल तर रेडिएटर उतरवून कारागिराकडे द्या.

शेवटी फुगलेले होज, थर्मोस्टॅट, झाकण, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. ताजं कूलंट भरा आणि हवा पूर्ण काढा. पहिले काही दिवस रोज सकाळी थंड इंजिनाचं झाकण उघडून पाहा. सुरुवातीला थोडा तवंग येतो, तो पुसून काढा. तो दिवसेंदिवस कमी व्हायला हवा. वाढला तर गळती अजून आहे.

हा बिघाड मुळात होतो कशामुळे? कंप आणि वय ही कारणं आहेतच, पण आपल्याकडे मोठं कारण म्हणजे ढाब्यावरच्या बोअरवेलचं पाणी. त्यातल्या क्षारांचा थर बसतो, गंज लागतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो. "कूलंट थंड मुलखासाठी, महाराष्ट्रात बर्फ कुठे पडतो?" असं अनेक जण म्हणतात. ते खरं नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, आणि निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा जास्त असतो. म्हणून उन्हाळ्यातल्या घाटालाही त्याची तितकीच गरज आहे. शुद्ध म्हणजे डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी, नळाचं नव्हे.

सफाईत काढलेलं पाणी गटारात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड असतं, कुत्री आणि गुरं ते पितात आणि मरतात. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. दोन्ही झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा आणि परवानाधारक गोळा करणाऱ्याकडे द्या. आणि गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. दाबाखालचं पाणी अंगावर उसळतं आणि चेहरा भाजतो.

मालकांना माझी एक विनंती आहे. मिस्त्री तपासणीसाठी एक दिवस मागत असेल तर तो द्या, आणि त्या दिवसाचे पैसेही द्या. मिस्त्री बंधूंनो, कूलर काढून तपासल्याशिवाय हेडच्या बोल्टला हात लावू नका. आणि ड्रायव्हरदादांनो, पाण्यात तवंग दिसला की तीच फेरी पूर्ण करायचा मोह टाळा आणि गाडी तिथेच थांबवा. वेळेत थांबवलेली गाडी बहुतेक वेळा एका कूलरच्या खर्चात पुन्हा रस्त्यावर येते.