क्षयाची गोळी आणि जंतूचे विकर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही कलाशाखेचे बी. ए.; सरकारी फायलींत केस पांढरे केलेले. शास्त्रीय विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार इतकाच, की जिच्याविषयी बोलणार ती गोळी १९९५ साली आम्ही स्वतः सहा महिने घेतली आहे. तेव्हा याच शहरी आमची नेमणूक होती. क्षयाचे निदान झाले, आणि घरी धाडलेल्या एकाही पत्रात आम्ही तो शब्द लिहिला नाही.

गोळीचे नाव आयसोनियाझिड. हे द्रव्य १९१२ साली प्राग येथे तयार झाले. क्षयावर ते चालते हे कळायला १९५२ उजाडले. पण जंतूवर ते नेमके कोणत्या जागी घाव घालते, हे पुढे चार दशके गूढच होते.

क्षयजंतूभोवती मेणचट कवच असते. त्या कवचासाठी मेदाम्लांच्या लांबलचक साखळ्या विणण्याच्या कामी 'इनएचए' नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, राबते. साखळीतील दुहेरी बंध ते हायड्रोजन जोडून एकेरी करते, आणि तो हायड्रोजन एनएडीएच या सहायक रेणूकडून उचलते. १९९५ सालीच न्यूयॉर्कमधील संशोधकांनी या विकराचे स्फटिक करून, त्यांवर क्ष-किरण सोडून त्याची अणुरचना प्रसिद्ध केली. एनएडीएच ज्या खोबणीत बसतो ती खोबण दिसली. १९९८ साली तिच्यातच गोळीचा अंश सापडला. पण एकटा नव्हे!

गोळी मुळात जंतूला निरुपद्रवी. त्याचेच दुसरे विकर, कॅटजी, तिला जागे करते. मग तिचा तुकडा सहायक रेणूला, हायड्रोजन जेथून उचलला जातो नेमक्या त्याच जागी चिकटतो, आणि ही जोडगोळी खोबण अडवून बसते. विणकाम थांबते. आम्हांस भस्मासुर आठवला.

मात्र ज्या जंतूचे कॅटजी बिघडलेले, त्याला गोळी बाधत नाही. असे थोडे जंतू असतातच. म्हणून सोबत इतर औषधे देतात. उपचार अर्धवट सोडले की तेच मागे उरून फोफावण्याची भीती.

आम्ही ते सोडले होते. दोन महिन्यांत ताप गेला, खोकला गेला, गोळ्या बंद! नाटकाच्या तालमीला दिसेनासे झालो म्हणून मंडळातील एक वहिनी चौकशीस आल्या. त्यांनी पाकिटातील उरलेल्या गोळ्या मोजल्या, विचारले काहीच नाही. दुसऱ्या दिवसापासून चार महिने त्या रोज सकाळी दुधाचा पेला घेऊन येत आणि गोळ्या गिळून होईपर्यंत दारात उभ्या राहत.

आईला हे सारे सांगितले ते २००३ साली. तिने एवढेच विचारले, "त्या बाईंचं नाव काय रे?"