परदेशी निघालेल्या मुलीचे सामान



आपल्या खानदेशात समुद्र नाही. धुळ्याची पांझरा आणि जळगावची गिरणा तापीला मिळतात. तापी पुढे सुरतेवरून समुद्राला जाते. आपला समुद्राशी संबंध एवढाच, असे पुष्कळांना वाटते. पण आपल्या कपाशीवर पडणारा पाऊस समुद्रावरूनच येतो ना? मग समुद्राचा अभ्यास हे काही एकट्या कोकणाचे काम नव्हे.

तापीकाठच्या एका गावातल्या मुलीची अशा अभ्यासासाठी परदेशी जाण्याची निवड झाली. तीन महिन्यांचे काम, त्यातले काही आठवडे बोटीवर. घरात आनंद होता, तशी धास्तीही होती. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा आजीबाईंनी विचारले, "गुरुजी, पोर समुद्रमा जाईसन काय करी?" प्रश्न रास्त आहे. आधी त्याचेच उत्तर देतो.

समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. झाडाच्या पानासारख्याच त्या उन्हावर आपले अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. पृथ्वीवर जेवढा प्राणवायू तयार होतो, त्यातला सुमारे निम्मा समुद्रात होतो. प्लवकावर बारीक जीव जगतात, त्यांच्यावर मासे, आणि माशांवर कोळ्याचे घर. म्हणून अभ्यासक बोटीने जातात, खोलवरचे पाणी बाटल्यांत काढतात आणि त्यात काय आहे ते तपासतात.

मुलीच्या जातीने हे करावे का, असे कोणी म्हणेल. त्यांनी अदिती पंत यांचे नाव ऐकावे. त्यांचा जन्म नागपूरचा, 1943 सालचा. पुण्याला शिकत असताना समुद्रातल्या जीवांवरचे एक पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि त्यांचे मन तिकडे वळले. शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेच्या हवाई बेटांवर गेल्या. तिथे आणि नंतर लंडनला त्यांनी प्लवकाचाच अभ्यास केला. परत येऊन त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत लागल्या. डिसेंबर 1983 मध्ये त्या भारतीय मोहिमेबरोबर दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाच्या खंडावर, म्हणजे अंटार्क्टिकावर गेल्या. बरोबर सुदीप्ता सेनगुप्ता या भूगर्भशास्त्रज्ञ होत्या. भारतीय मोहिमेबरोबर तिथे गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. आजीबाई हे ऐकून गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तिनी माय काय म्हनी व्हई?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते!

आता सामान. त्या घरी बॅग भरून तयार होती. धान्याच्या काट्यावर ठेवली तर 31 किलो भरली. तिकिटावर परवानगी 23 किलोची. आत काय होते? आजीबाईंची गोधडी, पापडांचे दोन डबे, लोणच्याची बरणी, अनारसे, आणि एक जाड कोट. कोट उसने पैसे काढून घेतलेला. आम्ही मुलीला म्हटले, तिकडच्या संस्थेला पत्र टाक आणि विचार, तुम्ही काय काय देता? तिसऱ्या दिवशी संगणकावर उत्तर आले. अंथरूण-पांघरूण देतो, बोटीवरचा पावसाळी अंगरखा देतो, बुडू न देणारे जाकीटही देतो. कोट तर लागणारच नव्हता, कारण मुलुख उबदार होता. दुकानदाराने तो परत घेतला नाही. अंटार्क्टिकाच्या मोहिमेतसुद्धा बर्फातले खास कपडे मोहिमेकडून मिळतात. म्हणून आधी विचारा, मग खरेदी करा. कर्ज काढून तर मुळीच करू नका.

खाण्याच्या जिनसांचे नीट ऐका. अमेरिकेत आपली केळी, आंबे, बियाणे, रोपे नेऊ देत नाहीत. त्यांतून कीड जाते. विमानतळावर विचारतील, खाण्याचे काय आहे? जे असेल ते खरे सांगावे. लपवले तर दंड होतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आखाती देशांत आणि सिंगापुरात खसखस न्यायला बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाची. मुंबईहून निघालेले विमान कित्येकदा दुबईला बदलावे लागते. अनारशांवर खसखस होती. ते घरच्यांनी तिथेच वाटून खाल्ले, आम्हांलाही दोन मिळाले. बिबड्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र जाऊ दिली. कोरडी आहे, हलकी आहे, सांडत नाही.

चाकू, कात्री, आजोबांना न्यायचा असेल तर अडकित्तासुद्धा, मोठ्या बॅगेत टाकावा. हातातल्या पिशवीत सापडला तर काढून घेतात. फोनला वीज देणारी पॉवर बँक मात्र हातातच हवी, मोठ्या बॅगेत चालत नाही. औषधे पाकिटासकट घ्यावीत, जोडीला डॉक्टरांची चिठ्ठी. पासपोर्ट, तिकीट, संस्थेचे पत्र हातच्या पिशवीत. त्यांच्या नकला एक मोठ्या बॅगेत, एक घरी. पासपोर्टवरचे नाव आणि तिकिटावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. हे काम आईबापांनी करावे. तुम्ही आता अक्षरे ओळखता. इंग्रजी येत नसले तरी एकाखाली एक ठेवून आकार जुळवता येतात.

बोटीची तऱ्हा वेगळी. खोली लहान, म्हणून कडक पेटीपेक्षा घडी होणारी कापडी बॅग बरी. ओला लाकडी-लोखंडी तळ घसरतो. बोटे झाकणारे, रबरी तळाचे बूट घ्यावेत, चपला नकोत. दोर गुंडाळण्याच्या यंत्राजवळ ओढणी आणि बांगड्या घालू नयेत, अडकल्या तर हात जातो. बोट लागण्याची गोळी बोट निघण्याआधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. आणि टिपणे शिसपेन्सिलीने लिहावीत. खाऱ्या पाण्याने शाई पसरते, शिसे तसेच राहते.

भरलेली बॅग मुलीने स्वतः उचलून एस.टी. स्टँडपर्यंत न्यावी आणि परत आणावी. आमच्या त्या मुलीने नेली. दम लागला, तेव्हा आपण होऊन आणखी तीन पुस्तके काढली.

राहिले फोनचे. तिकडचे घड्याळ वेगळे असते. हवाईचेच घ्या, ते आपल्यामागे साडेपंधरा तास आहे. जेवणे आटोपून रात्री आठला फोन केलात, तर तिथे पहाटेचे साडेचार वाजलेले, पोर झोपेतून दचकून उठेल. सकाळी आठला करा. तिथे आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार असतील.