ध्वनीची रचना आणि शब्दाचा मान
(नागपूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



संगीतनिर्मितीचा विषय निघाला की चाल, गायक आणि वाद्यमेळ यांचीच चर्चा होते. त्यांचा आवाज श्रोत्याच्या कानी कोणत्या रूपात आणि किती अंतरावरून पोहोचावा, हे ठरविणारी ध्वनिरचना मात्र यंत्रापाशी बसणाऱ्याचे काम म्हणून बाजूला पडते. विदर्भाने तरी असे करू नये. या विद्येचा एक धाडसी प्रयोग करणारे केशवराव भोळे हे अमरावतीचे सुपुत्र.

‘प्रभात’चा ‘कुंकू’ १९३७ सालचा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा बोलपट व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला, संगीत केशवरावांचे. वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावलेल्या नीरेची ही कथा. इथे प्रत्येक अश्रूला सारंगीची साथ देण्याचा मोह कोणालाही झाला असता! पण पार्श्वसंगीत वगळण्यात आले आणि प्रसंगात स्वाभाविकपणे उमटणाऱ्या आवाजांवरच भिस्त ठेवली गेली. भिंतीवरचे घड्याळ त्या नवऱ्याचे वय सांगत राहते. हे करणाऱ्याला वाद्यांचे वावडे होते असे नव्हे. आदल्याच वर्षी ‘संत तुकाराम’ला त्यांनीच संगीत दिले होते.

त्या काळी वादक एकाच ध्वनिग्राहकाभोवती अंतर राखून बसत. गायक पुढे, मोठ्या आवाजाचे वाद्य मागे. ते अंतर हीच ध्वनिरचना होती. आज संगणकावर प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे मुद्रित होते, आणि मग प्रत्येकालाच पुढे बसायचे असते.

याचा पहिला बळी शब्द. स, श, च यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा ध्वनी बव्हंशी २,००० हर्ट्झच्या वर असतो. टाळ-झांजांचा झणत्कारही त्याच पट्ट्यातला. दोन्ही एकाच वेळी सारख्या जोराने आले की स्वर ऐकू येतो, शब्द हरवतो. अशा वेळी गायकाचा आवाज नुसता वाढवून भागत नाही. टाळ किंचित बाजूला सरकवावे, त्या पट्ट्यात त्यांना उतरवावे. आवाजाला दिलेला कृत्रिम घुमारा शब्दाला लगेच न चिकटविता सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा सुरू करावा, म्हणजे उच्चार उघडा राहतो. डग्गा आणि बेस गिटार खालच्या पट्टीत एकमेकांवर आदळत असतील, तर एकाने माघार घ्यावी. भजनात ती गिटारने घेतलेली बरी.

पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली सुरू झालेले ‘गीतरामायण’ लोकांनी पाहिले नाही, ऐकले. त्या ५६ गीतांत ग. दि. माडगूळकरांचा शब्द सुधीर फडक्यांच्या वाद्यमेळात कोठे बुडाला नाही. म्हणून तर ती घरोघर पाठ झाली.

आता रामनवमीच्या शोभायात्रेसाठी नवी गीते मुद्रित होतात. ती वाजायची असतात रस्त्यावर, कर्ण्यातून, समोरच्या इमारतींवर आपटून परतणाऱ्या आवाजात. तिथे मुद्रणातला घुमारा आणखी गढूळपणाच आणतो. तेव्हा गीत बंदिस्त खोलीत, महागड्या यंत्रावर ऐकून पसंत करू नये. साध्या मोबाईलवर लावून, ज्यांनी ते आधी ऐकलेले नाही अशा एखाद्या आजींना ऐकवावे आणि शब्द विचारावेत. जो शब्द त्यांना सांगता येणार नाही, तेथे कोणते वाद्य आड आले ते शोधावे व खाली आणावे.