तांदळाची उकड आणि परमुलुखातली पंगत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून इतिहास किंवा साहित्य असा भारदस्त विषय सोडून आम्ही खाण्याविषयी बोलणार आहोत, याचे काहींना नवल वाटेल. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीमागून बदली होऊन निरनिराळ्या प्रांतांत बिऱ्हाड मांडताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. परप्रांती स्थिरावलेल्या कुटुंबाचा पोशाख आधी बदलतो, मग भाषा अडखळू लागते. जिभेची चव मात्र सर्वांच्या शेवटी निरोप घेते. म्हणूनच ती दाराशी आलेली दिसली, की सावध व्हावे.

रायपुरात महंत घासीदास स्मारक संग्रहालयाच्या आवारात २६ जानेवारी २०१६ रोजी ‘गढकलेवा’ नावाचे उपाहारगृह सुरू झाले. कलेवा म्हणजे न्याहारी. स्वयंपाकाची सूत्रे महिला बचत गटाच्या हाती, बैठक खेडवळ धाटणीची आणि पदार्थ अस्सल छत्तीसगढी. बीरगांवातून रायपुरास जाणे म्हणजे आपल्याला शेजारच्या आळीत जाण्यासारखे. तेव्हा आपल्यापैकी अनेक कुटुंबे तेथे जाऊन आली असतील. चीला, फरा, मुठिया, अंगाकर, चौसेला, देहरौरी, अइरसा ही तेथील नावे प्रथम ऐकताना परकी वाटतात. पदार्थ पानात आला, की मात्र ओळख पटू लागते.

चीला म्हणजे आपले घावन. तांदळाचे पीठ पातळ कालवून तव्यावर घालण्याची रीत तीच. फऱ्यासाठी तांदळाच्या पिठाच्या किंवा शिळ्या भातात पीठ मिसळून केलेल्या बोटाएवढ्या वळकट्या वाफवतात आणि वरून तीळ-मोहरीची फोडणी देतात. गणेशचतुर्थीस मोदक झाल्यावर उरलेल्या उकडीत मिरची-जिरे घालून आपल्या आज्या निवगऱ्या वाफवीत. फरा हा त्या निवगऱ्यांचा सख्खा मावसभाऊ शोभेल. पानांच्या मध्ये ठेवून निखाऱ्यावर भाजलेली जाड अंगाकर पाहिली, की कोकणातील पानगी आठवावी. अइरसा तर अनरशाचे नावही थोडेसे अंगावर वागवतो. हे साम्य कोणी कोणाचे उचलल्यामुळेच आले असेल असे नाही. धान्य एक आणि अडचण एक, म्हणून तोडगाही एक, असे त्यामागचे साधे कारण असावे.

ती अडचण कोणती, हे आपल्या भगिनींना सांगावयास नको. गव्हाच्या पिठात चिकटपणा उपजत असतो. तांदळाच्या पिठात तो नसतो. थंड पाण्यात भिजवून मोदकाची पारी वळू पाहाल, तर ती फुटेल. म्हणून उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढावी लागते. उष्णतेने पिष्ट फुलते आणि पीठ हाताला ऐकू लागते. येथील चौसेल्याच्या पुऱ्यांसाठीही पीठ गरम पाण्यातच मळतात. ज्वारीचे पीठ जुने होऊन त्याची विरी गेली, की भाकरीसाठी आपण कढत पाणी वापरतो, तीही हीच युक्ती.

आता क्षणभर समुद्रापार दृष्टी टाकू. मेक्सिको देशातील लोकांचे मुख्य धान्य मका. मक्यातही गव्हासारखा चिकटपणा नाही आणि दाण्याचे साल मोठे चिवट. तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी युक्ती शोधली: मक्याचे दाणे चुना घातलेल्या पाण्यात शिजवावयाचे, रात्रभर तसेच ठेवावयाचे, सकाळी धुऊन साले काढावयाची आणि पाट्यावर वाटावयाचे. जो चुना आपण विड्याच्या पानाला लावतो, तोच हा. या वाटलेल्या ओल्या पिठास ते ‘मासा’ म्हणतात. त्याच्या पातळ भाकरीस तोर्तिया म्हणतात, आणि मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेल्या पदार्थास तमाल. गावोगावच्या मंडईत बाकावर बसून लोक हे पदार्थ खातात आणि बायका समोरच हातावर भाकरी थापीत असतात.

या चुन्यात केवळ चव नव्हती. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व चुन्याच्या प्रक्रियेने मोकळे होऊन अंगी लागते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण त्या देशी बायकांची कृती मागेच राहिली. पुढे स्पेन व इटलीत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाच्या रोगाने गाठले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातही हजारो माणसे त्याने दगावली. धान्य नेले आणि धान्याचे शहाणपण नेले नाही, त्याची ही किंमत होती.

इतके होऊनही खुद्द मेक्सिकोत मक्याच्या भाकरीची प्रतिष्ठा कमीच राहिली. गव्हाचा पाव साहेबी आणि मक्याची भाकरी अडाण्यांची, असा समज होता. १८९९ साली फ्रान्सिस्को बुल्नेस या तेथील विद्वानाने तर मका खाणारे समाज मागासलेले राहतात असे प्रतिपादन केले. २०१० साली मात्र युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. जी भाकरी लपवून खावी असे एकेकाळी वाटे, तिला जगाने मानाचे पान दिले.

छत्तीसगढची कथा फारशी निराळी नाही. उरल्याच्या कारखान्यांत जाणारा मजूर रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी कांदा-मिरचीबरोबर खातो, ती बासी. तिला गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ होते. त्याच घरातले फरा-मुठिया आज दरपत्रकावर आले, लोक पैसे मोजून रांगेत उभे राहू लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. स्वयंपाकघरातील बिनमोलाच्या श्रमाला मोल आले, हा तर त्याहून मोठा आनंद.

परंतु मित्रहो, हे उपाहारगृह संग्रहालयाच्या आवारात आहे, याकडेही लक्ष द्यावे. संग्रहालयात आपण ज्या वस्तू पाहतो, त्या एके काळी कोणाच्या तरी रोजच्या वापरातल्या होत्या. वापर थांबला, तेव्हा त्यांना काचेचे कपाट लाभले. पदार्थाने संग्रहालयाच्या अंगणात येणे हा त्याचा गौरव आहे, तसा इशाराही आहे. येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात धानाच्या २३,००० हून अधिक वाणांचे नमुने जतन केलेले आहेत. त्यांतील फार मोठा भाग डॉ. रिछारिया यांनी खेडोपाडी हिंडून जमवलेल्या संग्रहाचा. ते काम थोरच. परंतु शीतगृहातले बी शेतात पेरले जात नाही तोवर ते केवळ आठवण असते.

हाच प्रश्न आपल्या मंडळापुढे आहे. पन्नास वर्षांत आपण गणेशोत्सव चुकवला नाही, नाटके बसवली, हळदीकुंकवे केली. पण गणपतीत मोदक कोठून येतात? अनेक घरांत ते सांगून मागवले जातात आणि निवगऱ्या हा शब्दच मुलांना ठाऊक नसतो. स्नेहसंमेलनाच्या जेवणात भारतभर कोठेही मिळतील असे चार पदार्थ असतात. त्यांत ना महाराष्ट्र असतो, ना छत्तीसगढ. घरोघरी वापर थांबला, तर आपले मंडळ हेच मराठीपणाचे संग्रहालय होऊन बसेल. वर्षातून दोनदा उघडायचे, पाहायचे आणि कुलूप लावायचे!

त्यावर उपाय दारे लावून घेणे हा नव्हे. ज्यांच्या घरी मराठी बोलली जाई त्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. येथल्या मातीचे होऊन त्यांनी आपल्याजवळचे उत्तम ते येथल्या लोकांना दिले. परमुलुखात राहण्याची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा मंडळापुढे आम्ही दोन सूचना ठेवतो. येत्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ उकडीची असावी. ज्या आज्यांच्या हाताला उकड कळते, त्यांच्याभोवती मुलामुलींनी, आणि मुलग्यांनी विशेष करून, बसावे आणि पारी फुटेपर्यंत नव्हे, तर फुटायची थांबेपर्यंत शिकावे. दुसरी सूचना अशी, की त्याच संध्याकाळी वस्तीतील छत्तीसगढी भगिनींना योग्य मोबदला देऊन फरा व चौसेला करण्यास सन्मानाने बोलवावे, आणि दोन्ही पदार्थ एकाच पंगतीत वाढावेत. जे कारखान्यात आपल्या शेजारी उभे राहतात, ते पंगतीतही शेजारी बसावेत.

मंडळाच्या हीरकमहोत्सवाला आणखी दहा वर्षे आहेत. त्या दिवशी बीरगांवातील एखाद्या मराठी घरात कोणी मोठी माणसे न सांगता एखादी मुलगी उकड काढीत असेल आणि तिची छत्तीसगढी मैत्रीण शेजारी बसून वळकट्या वळीत असेल, तर हा सुवर्णमहोत्सव सार्थकी लागला असे समजावे.