गच्चीवर भाजी: आधी वजन मोजा, मग बी पेरा

मंडणगडच्या माझ्या तरुण मित्र-मैत्रिणींनो,

गच्चीवरच्या बागेचे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. आपल्या घरावर हे जमेल का? माझं उत्तर असं, की जमेल. पण प्रत्येक घरावर नाही आणि बारा महिने नाही.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली. मुंबईत जागा नव्हती, म्हणून गच्ची वापरली. आपल्याकडे अंगण असेल तर पहिली वाफ अंगणातच करा. पण बाजारपेठेत, इमारतीत राहणाऱ्यांना अंगण कुठलं? शिवाय आखातातल्या कमाईतून बांधलेले कितीतरी स्लॅब रिकामेच तापत असतात. हा विचार त्यांच्यासाठी आहे.

पहिला हिशोब वजनाचा. माणसांची ये-जा असलेली गच्ची साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो जादा भार धरून बांधतात. ओल्या मातीचा चार इंचांचा थर तेवढ्याच जागेत १६० ते २०० किलो भरतो. म्हणून स्लॅबवर माती पसरू नका. बादल्या, क्रेट घ्या. त्यात सुका पाला, शेणखत, नारळाचा भुसा जास्त आणि माती कमी भरा. त्या भिंतीच्या आणि बीमच्या रेषेत ठेवा, मधोमध नको. बाणकोट, वेळासकडे खारी हवा सळई लवकर गंजवते. स्लॅबचे पोपडे पडत असतील तर बाग विसरा, आधी इंजिनिअरला दाखवा. पत्र्यावर तर नकोच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पत्रे कसे उडाले ते आपण विसरलेलो नाही.

दुसरा हिशोब पाण्याचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. त्यात कुंडीतली मेथी कुजणारच. पावसाळ्यात पडवळ, शिराळी, काकडीचे वेल मांडवावर चढवा, पालेभाजी दसऱ्यानंतर. एप्रिल-मे महिन्यांत विहिरी आटतात, तेव्हा वुजूचं पाणी बादलीत धरा. त्यात साबण नसतो, ते थेट झाडाला चालतं.

तिसरा हिशोब शेजाऱ्याचा. बादल्या विटांवर ठेवा, पाण्याची मोरी मोकळी ठेवा. आपल्या बागेचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत मुरलं किंवा आपल्या गच्चीवरून त्याच्या घरात नजर जाऊ लागली, तर तो हक्कुल इबादचा प्रश्न होतो. त्या बाजूला वेलाचा आडोसा करा.

लावलेल्या झाडाचं माणसाने, पाखराने, जनावराने खाल्लं तरी लावणाऱ्याला सदक्याचं पुण्य मिळतं, हे आपण हदीसमधून ऐकत आलो आहोत. माकडांनी खाल्लं तरी सदकाच. पण जाळी लावाच, नाहीतर घरच्यांच्या ताटात काही येणार नाही.

या गच्चीतून महिन्याचा बाजार सुटणार नाही. कोथिंबीर, मिरची, माठ, वांगी एवढं सुटेल. घाटावरून ट्रक आला नाही त्या दिवशी तेवढंही मोठं वाटतं.

दसऱ्यानंतर पाच बादल्यांनी सुरुवात करा. त्या जगल्या तर दहा करा. अडलात तर आपलं कोकण कृषी विद्यापीठ दापोलीत, जवळच आहे, जाऊन विचारा.