प्रौढपणी तालमीची पायरी
(समाजाच्या वार्षिक संमेलनात पाटोदे येथे दिलेले भाषण)



आपल्या संमेलनात विवाह, शिक्षण आणि वसतिगृह या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. ते विषय माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी हाताळले आहेत. मी मात्र चाळिशी ओलांडलेल्या माणसाने लंगोट कसावा की नाही, असा काहीसा विनोदी वाटणारा प्रश्न आपणापुढे मांडणार आहे. विनोदी एवढ्याचसाठी की, तालीम ही पोरांची जागा आणि दुकान ही बापांची, ही वाटणी आपण फार दिवसांपासून मान्य करून बसलो आहोत.

त्यातून आपला व्यवसाय बैठा. शिंप्याचा जन्म कापडावर वाकून जातो. मान खाली, पाठीची कमान, दृष्टी सुईच्या नेढ्यात. पायमशीन होते तोवर पोटऱ्यांना निदान काही काम होते. मोटार बसली आणि तेही गेले. "आपली जात सुईची, आपणास मल्लविद्येशी काय कर्तव्य?" हे वाक्य मी समाजाच्या बैठकीत एकाहून अधिक वेळा ऐकले आहे. नवल असे की, मल्लांचे लंगोट आणि जांघिये शिवणारे हात आपलेच. लंगोटाची शिवण कोठे दुहेरी घालावी हे आपणास नेमके कळते. तो कसून मातीत उतरावे, असे मात्र कधी वाटत नाही.

पाटोद्याच्या मातीस ही विद्या नवी नव्हे. येथलाच राहुल आवारे २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत ५७ किलो वजनगटात सुवर्णपदक जिंकून आला आणि २०१९ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ६१ किलो गटात त्याने कांस्यपदक मिळविले. त्याचे वडील स्वतः मल्ल. पुढे पुण्यास हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांच्यासारखे गुरू त्यास लाभले. आपण त्याचा अभिमान बाळगतो, तो रास्तच आहे. परंतु ते शिखर बाळपणी आरंभ करणाऱ्याचे. प्रौढ नवशिक्याने आपले माप त्याच्या मापाशी लावू नये आणि ते जुळत नाही म्हणून घरीही बसू नये. पदकासाठी तालीम निराळी आणि ताठ मानेने साठी गाठण्यासाठी तालीम निराळी.

मोठेपणी शिकणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे नाही, असेही नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले, ते शाळकरी वयात नव्हे, विशीच्या सुमारास. वासुदेव बळवंत फडके हे तर लष्करी हिशेब खात्यातील कारकून. दिवसभर आकडे मांडणारा हा संसारी गृहस्थ लहुजींच्या तालमीत गेला, असे त्यांच्या चरित्रांत वाचावयास मिळते. कारकुनाची बैठक शिंप्याच्या बैठकीहून फारशी वेगळी नसते, हे आपण जाणताच. दूरचे उदाहरण द्यावयाचे तर, १८६० साली जन्मलेला जपानचा जिगोरो कानो हा किरकोळ अंगाचा विद्यार्थी सतरा-अठरा वर्षांचा असताना प्रथम जुजुत्सू शिकावयास गेला आणि १८८२ साली त्याने ज्युदोची कोदोकान ही शाळा स्थापिली. ज्युदोचा अंगरखा आपल्यापैकी कोणी हातात घेऊन पाहावा. कापड तांदळाच्या दाण्यासारख्या जाड विणीचे, गळपट्टी अनेक पदरी आणि तीवर समांतर टाक्यांच्या ओळी. कारण प्रतिस्पर्धी तीच पकडून ओढतो. आपल्या धंद्याच्या दृष्टीनेही ही वस्तू अभ्यासण्याजोगी आहे.

आता आरंभ कसा करावा? आधी वैद्याकडे जाऊन रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावे. पहिले दोन-तीन महिने कोणाशीही जोर धरू नये. दंड-बैठका मोजून, गुडघा ऐकेल इतक्याच. प्रौढाचे स्नायू लवकर बळावतात. परंतु सांधे आणि शिरा मागाहून तयार होतात आणि या मधल्या अंतरात दुखापतीचा धोका असतो. मुलाला आज दुखले तर उद्या तो उड्या मारतो. आपला खांदा एकदा रुसला की महिनाभर कात्री धरू देत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस बळ वाढविणारा व्यायाम सांगते. तालमीत हे दोन्ही एकाच जागी साधतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पडण्याची विद्या. घसरलेला माणूस हात पुढे टेकतो आणि मनगट मोडून घेतो. ज्युदोत प्रथम शिकवितात ते पडणेच: हनुवटी छातीशी, डोके जमिनीस लागू न देता, पाठ गोल करून, हाताचा पंजा आणि बाहू एकदम जमिनीवर आपटून, श्वास सोडीत. ताक, तेल आणि हळद मुरलेल्या हौदातल्या मऊ मातीतही हाच धडा मिळतो. हा धडा पोरांपेक्षा आपणास अधिक आवश्यक आहे. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरतो तेव्हा पदक उपयोगी पडत नाही.

ज्यांना माती मानवत नाही, त्यांनी लाठी घ्यावी. पवित्रा, पायांची चाल आणि फरी-गदग्यातले शिर, तमाचा, बाहेरा हे वार शिकावयास कोणाच्या अंगाला अंग लावावे लागत नाही. भगिनींनीही हे अवश्य शिकावे. त्यांची पहाट चुलीपाशी जाते, म्हणून त्यांचा वर्ग तिसऱ्या प्रहरी ठेवावा आणि त्या वेळी घर पुरुषांनी सांभाळावे. (हशा) मी हे थट्टेने बोलत नाही.

एका गोष्टीविषयी मात्र स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. समाजाची स्वतंत्र तालीम काढावी, अशी सूचना काही तरुणांकडून आली आहे. हेतू चांगला आहे. तरीही माझा तीस विरोध आहे. लहुजी वस्ताद मातंग समाजाचे. त्यांच्यापुढे माळ्याचा मुलगा आणि ब्राह्मण कारकून दोघेही शिष्य म्हणून उभे राहिले. तालमीत वस्तादाचा पाय धरताना कोणी त्याची जात विचारीत नाही, हे या संस्थेचे मोठेपण आहे आणि आपल्या हातून त्यास उणेपणा येऊ नये. शिवाय व्यवहाराची अडचण आहेच. एकाच बिरादरीतले पाचपंचवीस नवशिके परस्परांशी लढून काय शिकणार? कोणी उंच, कोणी ठेंगणा, कोणी नांगर धरणारा, कोणी ऊस तोडून परतलेला, असे नाना अंगांचे गडी समोर येतात तेव्हा डाव कळतो. एकाच मापाचे सदरे शिवणारा कारागीर कसा तयार होतो, हे आपणास मी सांगावयास नको. सबब समाजाच्या निधीतून इमारत न उभारता, गावच्या तालमीच्या हौदासाठी माती, तेल आणि छपराची दुरुस्ती एवढा खर्च आपण द्यावा, अशी माझी सूचना आहे. कार्यकारी मंडळाने तिचा विचार करावा.

आरंभी पोरे हसतील. हसू द्यावे; आठ दिवसांत त्यांचे लक्ष आपापल्या डावांकडे जाते. गुडघ्यापेक्षा ही लाजच अधिक जणांना उंबऱ्यावरून परत फिरविते, असा माझा अनुभव आहे. मी स्वतः बेचाळिसाव्या वर्षी प्रथम हौदात उतरलो आणि माझा वस्ताद माझ्याहून चौदा वर्षांनी लहान होता. त्यास वाकून नमस्कार करणे पहिल्या दिवशी जड गेले, दुसऱ्या दिवशी गेले नाही.

ज्या बंधूंची इच्छा असेल त्यांनी सभा संपताच चिटणिसांकडे नाव नोंदवावे. पहाटे साडेपाचची वेळ ठरली आहे. लंगोटासाठी माप देण्याचे कारण नाही. तो ज्याने त्याने घरीच शिवून आणावा.