भट्टीतील नवी मृत्तिका : ऑक्सिनायट्राइडे



कुंभाराच्या आव्यातून निघणाऱ्या भांड्याची द्रव्ये मुख्यतः ऑक्साइडे असतात. म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आदी मूलद्रव्ये त्यांत ऑक्सिजनशी संयोग पावलेली असतात. त्यांच्या जोडीला विसाव्या शतकात सिलिकॉन नायट्राइड आले. तप्त अवस्थेतही ते बळकट राहते. परंतु त्याच्या अणूंचे बंध इतके दृढ, की भुकटी भाजून त्याची सलग वस्तू घडविणे दुष्कर ठरे.

१९७०च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये ओयामा व कामिगाइतो आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॅक व विल्सन यांना स्वतंत्रपणे एक नवा मार्ग दिसला. काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आणि तितक्याच नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन बसविला, तरी स्फटिकाची मूळ ठेवण टिकते. या पदार्थास घटकांच्या रासायनिक चिन्हांवरून ‘सायलॉन’ हे नाव मिळाले. बिडाचे ओतीव लोखंड व निकेलच्या चिवट मिश्रधातू कापणारी हत्यारे त्यापासून होतात.

पुढे या कुळाचा दुसरा गुण प्रकाशात आला. ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजन इलेक्ट्रॉनांना सैलपणे धरतो. त्यामुळे जे पांढरे ऑक्साइड केवळ अतिनील किरण शोषते, त्यात नायट्रोजन शिरताच ते दृश्य प्रकाशही शोषू लागते आणि रंगीत होते. २००० साली जर्मनीत यान्सेन व लेट्शर्ट यांनी कॅल्शियम, लँथॅनम व टँटॅलम यांच्या ऑक्सिनायट्राइडांतून पिवळ्यापासून तांबड्यापर्यंतच्या छटा मिळविल्या. विषारी कॅडमियमच्या रंगद्रव्यांना हा पर्याय होता. २००५ साली जपानमध्ये डोमेन व सहकाऱ्यांनी गॅलियम नायट्राइड व झिंक ऑक्साइड यांच्या घन द्रावणाच्या साहाय्याने दृश्य प्रकाशात पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे विघटन करून दाखविले. युरोपियमचा लेश असलेले सायलॉन निळा प्रकाश शोषून हिरवा देते. ते दिव्यांत व पडद्यांत उपयोगी पडते.

तथापि प्रयोगशाळेतून बाजारापर्यंतची वाट सोपी नाही. अनेक ऑक्सिनायट्राइडे करण्यास अमोनियाच्या प्रवाहात तासन्‌तास तापविणे लागते. उष्णता अधिक झाली, तर नायट्रोजन निसटतो. टँटॅलम महाग आहे. सूर्यप्रकाशातून स्वस्त इंधन देण्याइतकी कार्यक्षमताही अद्याप साधलेली नाही.

आपल्या श्वासातील हवा प्रामुख्याने याच दोन वायूंची आहे. त्यांना एका स्फटिकात योग्य प्रमाणात नांदविणे, हीच या शास्त्राची खरी कसोटी होय. ती उतरली, तर रंगाच्या कारखान्यातील कामगाराचे आरोग्य आणि उद्याचे इंधन या दोहोंना तिचा लाभ होईल.